एसव्हीएनमधून गिटमध्ये आणताना इम्पोर्ट 'किल्ड' होतो: मेमरी कुणाची मोजायची आणि कशी

लक्षण नेहमी एकच असतं. एसव्हीएन आणि गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या दोन प्रणाली. जुना एसव्हीएन रेपो, म्हणजे कोड आणि त्याच्या इतिहासाचा साठा, गिटमध्ये आणायला रात्री इम्पोर्ट लावून घरी जायचं आणि सकाळी येऊन पाहावं तर टर्मिनलवर एकच शब्द: 'किल्ड'. एरर नाही, कुठली फाइल चालू होती त्याचा पत्ता नाही. पुन्हा लावला की पुन्हा त्याच सुमारास बंद. एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्राम संपताना मागे ठेवतो तो नंबर, विचारला तर १३७.

आमच्या जळगावच्या ऑफिसात मे महिन्यात सलग पाच रात्री यातच गेल्या. त्याआधी धुळ्याच्या एका मित्राकडे झालं होतं. त्याने सरळ दुप्पट रॅमचं मशीन घेतलं आणि इम्पोर्ट तरीही मेला. त्याचं असं का झालं ते पुढे सांगतो, कारण त्यात एक फार कामाची गोष्ट दडलेली आहे. तूर्त एवढंच, की रॅम घेण्याआधी मेमरी मोजा. आणि मोजताना किती लागली यावर थांबू नका. कोणत्या प्रोसेसला, म्हणजे कोणत्या चालू प्रोग्रामला, लागली आणि नेमकी कुठे लागली हे बघा. मी पाहिलेल्या प्रत्येक केसमध्ये कारण तिथेच सापडलं.

मेलं कोण?

१३७ म्हणजे १२८ अधिक ९. नऊ नंबरचा सिग्नल, सिगकिल. हा सिग्नल प्रोसेसला अडवता येत नाही, म्हणून ती जाताना काही सांगू शकत नाही. गिट फास्ट-इम्पोर्ट हा बाहेरून आलेला इतिहास गिटमध्ये लिहिणारा प्रोग्राम. त्याला आत येणाऱ्या डेटाच्या ओघातली एखादी ओळ समजली नाही आणि तो स्वतःहून थांबला, तर डॉट-गिट फोल्डरमध्ये 'फास्ट इम्पोर्ट क्रॅश' नावाने सुरू होणारी फाइल ठेवून जातो. ती फाइल असेल तर तुमचा प्रश्न मेमरीचा नाही, आधी ती वाचा. ती नसेल आणि कोड १३७ असेल तर कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याचा, लॉग उघडा. डीमेसेज या कमांडमध्ये 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस' अशी ओळ मिळेल आणि त्यात मेलेल्या प्रोसेसचं नाव असेल.

ते नाव लिहून घ्या. मेमरी संपली की कर्नल ज्याचा स्कोअर जास्त त्याला उचलतो. बहुतेक वेळा तोच सगळ्यात फुगलेला असतो, पण मेमरी खाणारा आणि मरणारा एकच असेल असं नाही. आमच्याकडे पहिल्या रात्री इम्पोर्टच्या आधी मायएसक्यूएल हा डेटाबेस गेला. सकाळी भुईकाट्याच्या पावतीचं टेस्ट सॉफ्टवेअर उघडेना, तेव्हा लक्षात आलं.

थोडं आमच्या रेपोबद्दल सांगतो, म्हणजे पुढचे आकडे समजतील. आम्ही जिनिंगवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. कापसाच्या गाडीचं वजन, काटापावती, शेतकऱ्याचा हिशोब, गाठी आणि सरकीचा साठा. रेपो २००९ पासूनचा, साधारण साडेसहा हजार रिव्हिजन, म्हणजे नोंदवलेले बदल. दसरा झाला आणि कापूस यायला लागला की आम्हाला मान वर करायला फुरसत नसते, म्हणून अशी कामं मे-जूनमध्येच उरकावी लागतात. मशीन ४ जीबीचं, स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) नाही, त्यावरच एक जीबीच्या आसपास खाणारा मायएसक्यूएल. एसव्हीएन वाचायला केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मंडळींनी लिहिलेलं एसव्हीएन-ऑल-फास्ट-एक्सपोर्ट, आणि ते जो ओघ बाहेर टाकतं तो गिळायला गिट फास्ट-इम्पोर्ट. मालकांचा रोज सकाळी फोन, "काय भो, व्हई गयं का?" आणि माझ्याकडे रोज तेच उत्तर.

ओघ मधोमध तोडा

एक्सपोर्टर आणि इम्पोर्टर पाइपने जोडलेले असताना मोजायला गेलात तर कुणाची मेमरी वाढतेय ते कळत नाही. म्हणून आधी दोघांना वेगळं करा. एक्सपोर्टरला थेट रेपो बनवण्याऐवजी डंप फाइल बनवायला सांगता येतं. डिस्कवर जागा लागेल, ती आधी मोकळी करा. मग तीच फाइल फास्ट-इम्पोर्टला वेगळी द्या. आता दोन स्वतंत्र कामं झाली, आणि दुसरं काम हवं तितक्या वेळा पुन्हा चालवता येतं. दर वेळी एसव्हीएन सुरुवातीपासून वाचावं लागत नाही, यात आमच्या कित्येक रात्री वाचल्या.

आता प्रत्येक काम ग्नू टाइम या मोजमापाच्या कमांडखाली चालवा. इथे एक खड्डा आहे. नुसतं टाइम लिहिलं तर बॅशचं स्वतःचं टाइम चालतं, त्यात मेमरी येत नाही. यूएसआर-बिनमधल्या टाइमचा पूर्ण पाथ द्यायचा आणि व्ही हा पर्याय लावायचा. शेवटी जी यादी येते तिच्यात 'मॅक्सिमम रेसिडेंट सेट साइज' ही ओळ बघा (रेसिडेंट सेट साइज, थोडक्यात आरएसएस, म्हणजे प्रोसेसने रॅममध्ये व्यापलेली जागा), आकडा केबीमध्ये असतो. दुसरा खड्डा याहून खोल आहे. कमांडने पोटात आणखी प्रोसेस काढल्या असतील तर हा आकडा त्यांची बेरीज नसतो, त्यांच्यातल्या सर्वात मोठ्या एकीचा असतो. गिट-रिपॅकसारखी कमांड पोटातून पॅक-ऑब्जेक्ट्स चालवते, तिथे हे लक्षात ठेवा.

कमाल आकडा कळला तरी तो केव्हा आला ते कळत नाही. त्यासाठी एक छोटं लूप लिहिलं. दर दोन सेकंदांनी प्रॉक या कर्नलच्या माहितीच्या फोल्डरखालच्या त्या प्रोसेसच्या स्टेटस फाइलमधून आरएसएस-अनॉन आणि आरएसएस-फाइल या दोन ओळी उचलायच्या आणि वेळेसकट लॉगमध्ये टाकायच्या. नुसती आरएसएस घेऊ नका. गिट आपला साठा पॅक नावाच्या दाबलेल्या फायलींत ठेवतं आणि त्या मेमरीत मॅप करून वाचतं, त्या मॅप केलेल्या पानांचाही आरएसएसमध्ये हिशोब धरला जातो. पण ती पानं डिस्कवर आहेतच. अडचण आली तर कर्नल ती सोडून देतो. प्रोसेसने स्वतःसाठी मागून घेतलेली, कर्नलला सोडता न येणारी मेमरी म्हणजे आरएसएस-अनॉन. मशीन मारणारी तीच. धुळ्याच्या मित्राने टॉप या कमांडमध्ये आरएसएस सात जीबी पाहून धसका घेतला होता. त्यातले पाच जीबी मॅप केलेल्या पॅकचे होते.

याच कारणामुळे मर्यादा घालून टेस्ट करताना यूलिमिटचा व्ही पर्याय वापरू नका. तो व्हर्च्युअल मेमरीवर मर्यादा घालतो, त्यात मॅप केलेलं सगळं येतं, आणि गिट विनाकारण लवकर मरतं. सिस्टमडी-रनने स्कोप, म्हणजे मर्यादा घालता येणारा वेगळा डबा, बनवून त्याला मेमरी-मॅक्स २ जीबी आणि मेमरी-स्वॅप-मॅक्स शून्य द्या. असं केलं की इम्पोर्ट मेला तरी आपल्या डब्यातच मरतो, शेजारचा डेटाबेस सुरक्षित राहतो. कर्नल ५.१९ किंवा त्यापुढचा असेल तर सीग्रुपच्या (कर्नलने धरलेल्या त्या प्रोसेस-गटाच्या) मेमरी-पीक फाइलमध्ये पूर्ण गटाचा कमाल आकडा आयता मिळतो. त्यात पेज कॅशही (वाचलेल्या-लिहिलेल्या फायलींच्या मेमरीतल्या प्रती) धरलेला असतो, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

४११२ क्रमांकाची रिव्हिजन

एक्सपोर्टर निर्दोष निघाला, त्याची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत आडवी. मग इम्पोर्टरचा लॉग उघडला. माझ्यासोबत अमळनेरचा एक नवा मुलगा काम करतो, त्याने एकेक आकडा मोठ्याने वाचला. रिव्हिजन २८७०, आरएसएस-अनॉन १५५ एमबी. ३५००, १६१ एमबी. ४१११, १६८ एमबी. आणि ४११२ला दोन-दोन सेकंदांच्या नोंदी: ६०० एमबी, ११०० एमबी, १९०० एमबी, २४०० एमबी. पुढे ओळ नाही.

चाळीस-पन्नास मिनिटं जवळजवळ सपाट रेघ आणि मग दहा सेकंदांच्या आत उभी भिंत. असा आकार दिसला की मेमरी गळतीचा (घेतलेली मेमरी परत न सोडण्याचा) विचार डोक्यातून काढून टाका. गळती असती तर रेघ हळूहळू चढली असती. एकाच ठिकाणी भिंत म्हणजे एकच मोठी वस्तू.

ती शोधणं सोपं आहे. ओघाच्या फाइलमध्ये प्रत्येक ब्लॉबच्या (एका फाइलच्या मजकुराच्या) आधी 'डेटा' हा शब्द आणि बाइटांची संख्या असते. फाइल बायनरी असली तरी टेक्स्टसारखी चाळून त्या ओळी काढा आणि मोठ्यापासून लहानापर्यंत लावा. आमच्या यादीत सर्वात वर ९०० एमबीची एक डीव्हीडी इमेज होती, ती २८७० क्रमांकाच्या रिव्हिजनमध्ये. तिच्याखाली ४८० एमबी आणि ४३० एमबीच्या दोन फायली, दोन्ही ४११२मध्ये, एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी. एका जिनिंगच्या डेटाबेसचे दोन बॅकअप. २०१३ साली कुणीतरी घाईत कमिट केले आणि दोन दिवसांनी डिलीट केले होते. एसव्हीएनच्या इतिहासात ते कायम राहिले.

मुलगा म्हणाला, "दादा, ९०० एमबीची फाइल आरामात गिळली आणि ४८०ची घशात अडकली, असं कसं?"

प्रश्न अगदी योग्य होता, आणि याचं उत्तर माहीत नसल्यामुळेच लोक रॅम घेत सुटतात. फास्ट-इम्पोर्टला बिग-फाइल-थ्रेशोल्ड नावाची एक सीमा असते, डीफॉल्ट ५१२ एमबी. ब्लॉब या सीमेहून मोठा असेल तर फास्ट-इम्पोर्ट डेल्टाच्या, म्हणजे दुसऱ्या ब्लॉबशी असलेला फरक तेवढा ठेवण्याच्या, भानगडीत पडत नाही. ओघातून थोडे थोडे बाइट घेतो, दाबतो, पॅकमध्ये लिहितो, पुढे जातो. म्हणून ९०० एमबीची इमेज गेली तेव्हा रेघ हललीसुद्धा नाही. ब्लॉब सीमेच्या आत असेल तर मात्र तो पूर्ण मेमरीत घेतला जातो आणि त्याच्या लगेच आधी लिहिलेल्या ब्लॉबशी त्याचा फरक काढून बघितला जातो. आधीचा ब्लॉब कुठल्या फाइलचा आहे हे तो पाहत नाही, ओघात आधी आला एवढंच पुरतं.

आता ४११२ला काय झालं ते डोळ्यांसमोर आणा. आधीचा ४३० एमबीचा बॅकअप मेमरीत धरून ठेवलेला. नवा ४८० एमबीचा त्याच्या शेजारी. फरक शोधायला जुन्या ब्लॉबच्या दर १६ बाइटांमागे एक नोंद अशी अनुक्रमणिका बनते. ४३० एमबीला पावणेतीन कोटी नोंदी होतात, आणि ती बनवताना कच्ची आणि पक्की अशा दोन प्रती काही क्षण एकदम उभ्या असतात. तिथेच एक जीबी जातो. वर निघणाऱ्या डेल्टासाठी जागा, आणि दाबलेल्या प्रतीसाठी वेगळी जागा. मिळून ९१० एमबीच्या दोन फायलींनी अडीच जीबीच्या घरात जायला काहीच अडचण नाही. सीमेच्या जरा खालची फाइल ही सगळ्यात महाग फाइल असते.

इलाज एका ओळीचा आहे. फास्ट-इम्पोर्टला बिग-फाइल-थ्रेशोल्ड ५० एमबी द्या. एक्सपोर्टर स्वतःच इम्पोर्टर चालवत असेल आणि पर्याय मध्ये घालायला जागा नसेल, तर गिट कॉन्फिगमध्ये कोअर-बिग-फाइल-थ्रेशोल्ड लावा, तोही पाळला जातो. बदल्यात मोठ्या फायलींचे डेल्टा होणार नाहीत, त्यामुळे रेपो थोडा जाड होईल. पण ५० एमबीपुढच्या फायली बहुधा झिप, इमेज, बॅकअप अशाच असतात आणि दाबलेल्या फायलींत डेल्टाने फारसं वाचतही नाही. मी हा सौदा डोळे मिटून करतो. सेटिंग लावून २ जीबीच्या स्कोपमध्ये तोच ओघ पुन्हा सोडला. ४११२ ओलांडली तेव्हा रेघ साडेतीनशे एमबीच्या आत होती.

इतिहास मोठा म्हणून मेमरी जास्त, हा समज

हे मला वारंवार ऐकायला मिळतं, म्हणून हिशोबच देतो. फास्ट-इम्पोर्ट एका वेळच्या कामात लिहिलेल्या प्रत्येक ऑब्जेक्टची (फाइल, फोल्डर, कमिट वगैरे) छोटी नोंद मेमरीत ठेवतो. ६४ बिट मशीनवर ती ४० बाइटांची, ही संख्या गिटच्या स्वतःच्या माहितीपत्रकात आहे. आमचे ऑब्जेक्ट तीन लाखांच्या आसपास. तीन लाख गुणिले ४० म्हणजे १ कोटी २० लाख बाइट, जेमतेम १२ एमबी. वीस लाख ऑब्जेक्ट असते तरी ८० एमबी. मार्कला (ओघात ऑब्जेक्टला दिलेल्या नंबरला) प्रत्येकी एक पॉइंटर, म्हणजे ८ बाइट. पंधरा वर्षांचा इतिहास आहे म्हणून ४ जीबी पुरत नाही, हे या हिशोबात बसत नाही.

चेकपॉइंट दिला की मेमरी मोकळी होते, हाही असाच एक गैरसमज. त्या नोंदी प्रोसेस संपेपर्यंत सुटत नाहीत. चेकपॉइंट चालू पॅक बंद करतो, ब्रँच आणि मार्क डिस्कवर उतरवतो. त्याचा उपयोग वेगळाच, आणि खानदेशात तो फार मोठा आहे. दिवसा पारा पंचेचाळिशीवर गेला, रात्री वीज गेली आणि इन्व्हर्टरने मान टाकली, की चेकपॉइंट नसेल तर ब्रँच जागची हललेली नसते आणि पूर्ण रात्रीचं काम वाया जातं. तिसऱ्या रात्री आमचं तेच झालं. एक्सपोर्टरमध्ये किती कमिटनंतर उतरवायचं तो आकडा लावता येतो, तो कमी करून ठेवा. चालू फास्ट-इम्पोर्टला यूएसआर१ सिग्नल पाठवला तरी चेकपॉइंटसारखंच काम होतं.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते. 'पहिल्या हजार रिव्हिजन टाकून बघू, त्यावरून अंदाज येईल' अशी टेस्ट निरुपयोगी आहे. आमच्या पहिल्या चार हजार रिव्हिजनांनीसुद्धा काहीच सांगितलं नसतं. टेस्ट करायची तर ब्लॉबच्या यादीतले वरचे दहा निवडा आणि ते ज्या रिव्हिजनमध्ये आहेत तेवढाच टप्पा चालवा.

इम्पोर्ट झाला, रिपॅकला मेला

फास्ट-इम्पोर्टने बनवलेला पॅक ढिला असतो, म्हणून शेवटी सगळं नव्याने रिपॅक करायचं असतं. धुळ्याच्या मित्राचा इम्पोर्ट प्रत्यक्षात इथे मरत होता. स्क्रिप्टमध्ये दोन्ही कमांड एकामागून एक असल्याने त्याला 'इम्पोर्ट मरतो' असंच वाटत राहिलं. कर्नलच्या लॉगमधल्या वेळेशी इम्पोर्टच्या लॉगची शेवटची ओळ ताडून पाहिली तेव्हा उलगडा झाला. इम्पोर्ट वीस मिनिटं आधीच पूर्ण झालेला होता.

रिपॅक डीफॉल्टने मशीनला जितके कोअर तितके थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) काढतं. प्रत्येक थ्रेड आपल्या खिडकीत काही ऑब्जेक्ट आणि त्यांच्या अनुक्रमणिका धरून बसतो. खिडकीच्या मेमरीला डीफॉल्ट मर्यादा शून्य, आणि शून्य म्हणजे मर्यादाच नाही. त्याने ४ कोअर ८ जीबीवरून ८ कोअर १६ जीबीचं मशीन घेतलं होतं. रॅम दुप्पट, थ्रेडही दुप्पट, वाट्याला तेवढीच मेमरी. पैसे गेले आणि प्रश्न जिथे होता तिथेच राहिला. त्याने महिनाभर किती जीव काढला ते मी पाहिलंय, म्हणून हे ठासून सांगतो.

पॅक-थ्रेड्स १ करा, पॅक-विंडो-मेमरी २५६ एमबी करा. मोठ्या फाइलची सीमा गिट कॉन्फिगमध्ये लावलेली असेल तर ती इथेही लागू होते, ती काढू नका. वेळ जास्त लागेल, लागू द्या. हे काम एकदाच करायचं आहे. त्याचं रिपॅक याच सेटिंगवर जुन्या ८ जीबीच्या मशीनवर पार पडलं.

रेघ हळूहळू चढत असेल तर

गिट-एसव्हीएन हे गिटसोबतचं साधन वापरणाऱ्यांना भिंतीऐवजी चढण दिसते. दर हजार रिव्हिजनला त्याची पर्ल भाषेतली प्रोसेस थोडी थोडी जाड होत जाते. तिथे लॉग-विंडो-साइज, म्हणजे एका वेळी किती रिव्हिजनच्या नोंदी मागवायच्या तो आकडा, डीफॉल्ट १०० असते. कुणी वेग वाढवायला ती हजारांत नेली असेल तर आधी खाली आणा. मग फेच तुकड्यांनी चालवा. दोन-दोन हजार रिव्हिजनचा टप्पा, प्रोसेस संपली, पुन्हा सुरू. गिट-एसव्हीएन थांबलं तिथून पुढे चालू होतं, त्यामुळे काही गमावत नाही. प्रोसेस संपली की तिची सगळी मेमरी परत मिळते, आणि गळती नेमकी कुठे आहे हे शोधण्यात आठवडा घालवण्यापेक्षा हे बरं.

आमच्या त्या दोन बॅकअपचं पुढे काय केलं तेही सांगतो. थ्रेशोल्ड लावल्यावर ते सुरळीत आत आले होते, पण मी उघडून बघितले. त्यात त्या जिनिंगला कापूस घातलेल्या शेतकऱ्यांची नावं, गावं आणि बँक खात्यांचे नंबर होते. गिटमध्ये प्रत्येक क्लोनसोबत, म्हणजे रेपोच्या प्रत्येक प्रतीसोबत, पूर्ण इतिहास जातो, म्हणजे उद्या ऑफिसात आलेल्या कुणाच्याही लॅपटॉपवर ते पोचले असते. एक्सपोर्टरच्या नियमांच्या फाइलमध्ये त्या फोल्डरसाठी रिकामा नियम लिहिला, म्हणजे तो मार्ग वगळला जातो, आणि सहाव्या रात्री सगळा इम्पोर्ट नव्याने केला. कमाल मेमरी ३१० एमबी. जुना एसव्हीएन सर्व्हर नेटवर्कवरून काढून कपाटात ठेवला आहे, आणि त्याची किल्ली मालकांकडे आहे.